शनिवारचं वाक्य

वाक्य बरोबर होतं. स्पेलिंग बिनचूक, काळ बरोबर, शेवटी पूर्णविरामसुद्धा दिलेला. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती, आणि म्हणूनच रुद्राणीनं ते पुसून टाकलं. गुरुवारचा दुपारी अडीचचा तास होता, समोर डबे खाऊन सुस्तावलेली नव्वद पोरं होती, आणि फळ्यावर त्या दिवसाचा शब्द होता. तिच्या तासाला रोज एक इंग्रजी शब्द असायचा आणि त्यावर पोरांनी पुस्तकातलं नव्हे, स्वतःच्या रोजच्या जगण्यातलं वाक्य करून फळ्यावर येऊन लिहायचं, ही तिनंच घातलेली पद्धत. त्या दिवशीचा शब्द होता डिव्हॅल्यू. किंमत कमी करणे. आधी तिनं रुपयाचं सांगितलं, कारण शब्दकोशात तोच अर्थ पुढं बसलेला असतो. मग सांगितलं की माणसाच्या बाबतीतही वापरतात, त्याच्या कामाच्या बाबतीतही. असलेली किंमत नाहीच असं चारचौघांत दाखवायचं, म्हणजे डिव्हॅल्यू. तरीही चेहरे कोरेच दिसले तेव्हा तिनं मोंढ्यातला, धान्यबाजारातला शब्द दिला, भाव पाडणे. लातूरच्या पोराला भाव पाडणे म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन, चांगलं दिसत असूनही नाक मुरडणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. सगळे एकदम जागे झाले, आणि तिसऱ्या बाकावरची सृष्टी उठून वर आली. शांत मुलगी, उत्तर विचारल्याशिवाय न देणारी. तिनं सावकाश, गोल अक्षरात लिहिलं आणि हातावरचा खडू झटकत जागेवर जाऊन बसली. अवर इंग्लिश टीचर डिव्हॅल्यूज अस एव्हरी सॅटर्डे. आमच्या इंग्रजीच्या बाई दर शनिवारी आमची किंमत कमी करतात.

कुणी हसलं नाही. हसले असते तर रुद्राणीला रागावता आलं असतं. नव्वद पोरं नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यात कुतूहलसुद्धा नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते एकीनं लिहिलं, एवढंच. "उदाहरण ठीक नाही," ती म्हणाली, "रुपयावर कुणीतरी द्या." आणि डस्टर फिरवलं. मागच्या एकानं सरकारनं रुपयाची किंमत कमी केली असं काहीतरी दिलं, तिनं त्याला गुड म्हटलं, आणि म्हणताना आपला आवाज तोंडाच्या नुसत्या पुढच्या भागातून येतोय असं तिला जाणवलं. तास संपल्यावर ती पाण्याच्या टाकीपाशी हात धूत उभी राहिली. खडू निघाला तरी धूत राहिली. दर शनिवारी. इतकं बारीक हिशेबानं कशाला लिहावं पोरीनं? नुसतं बाई किंमत कमी करतात म्हणाली असती तर उद्धटपणा म्हणून सोडून देता आलं असतं. शनिवार घातल्यामुळं ते खरं झालं.

शनिवारी बॅच बदलतात. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा हा क्लास, तीन मजली, आणि पोरांच्या चार बॅचा: हिरा, पुष्कराज, मोती आणि जिद्द. शेवटच्या बॅचचं नाव जिद्द ठेवण्यात बालाजी सरांचं डोकं होतं. क्लास त्यांचाच, आणि कुणाचंही मन न दुखावता त्याला खाली ठेवायचं कसं याचं सरांना उपजत ज्ञान होतं. दर आठवड्याला परीक्षा, शनिवारी वरच्या हॉलमध्ये निकाल. ज्याचे मार्क वाढले तो वर चढतो आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे सर त्याच्या पाठीवर थाप मारतात. ज्याचे घसरले त्याचं नाव माईकवरून मार्कांसकट वाचलं जातं, तो स्टेजवर येतो, त्याच्या गळ्यातल्या आयकार्डची रिबिन काढून घेतली जाते आणि खालच्या बॅचच्या रंगाची घातली जाते. जिद्दची तपकिरी. हे काढण्याघालण्याचं काम रुद्राणीचं. पहिल्या वर्षी सर म्हणाले होते, मॅडम, पोरींच्या गळ्याला आम्ही हात लावणं बरं दिसत न्हाई, तुम्ही बघा. तिला त्यात विचारीपणा दिसला होता. मग पोरींबरोबर पोरांच्याही रिबिनी तिच्याकडं आल्या, आणि अकरा वर्षं झाली. ती हळुवार काढायची. केसात अडकू द्यायची नाही. एखादी रडायला लागली तर हलकेच खांद्यावर हात ठेवायची. आपण करतो म्हणून निदान लागत नाही पोरांना, अशी तिची समजूत होती. ही समजूत ती दर शनिवारी घरी घेऊन जायची आणि तिच्यावर तिला छान झोप लागायची.

आणि रुद्राणीला राग आला तो याचाच की पोरीनं वाक्याला कर्ता चुकीचा निवडला. त्या इमारतीत किंमत कमी झालेलं कुणी असेल तर ती रुद्राणी होती, हे तिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की तो तिचा एक दागिनाच झाला होता, कधीतरी काढून बघायचा आणि परत ठेवायचा. चौकात क्लासचा मोठा फलक आहे, त्यावर तिन्ही सर छातीशी हाताची घडी घालून उभे आहेत, आणि त्यांच्यामागं विजा चमकवल्या आहेत. इंग्रजीचा चेहरा त्यावर नाही. डॉक्टरकीच्या त्या 'नीट' परीक्षेत इंग्रजीचे मार्क धरत नाहीत. बायोलॉजीचा भाग उरला की तो इंग्रजीच्या तासाला घेतात. फी भरायला आलेला बाप विचारतो, आणि ह्या मॅडम काय शिकवतात, आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, इंग्रजी, ते न्हाई मोजत. असं सगळं असताना त्या पोरीनं माझ्याकडं बोट दाखवावं? मी तर तुमच्याच बाजूची, असं तिला त्या दिवशी फळ्यासमोर म्हणावंसं वाटलं होतं. पण कुठल्या बाजूची? रिबिन काढणाऱ्याच्या हाताला काय बाजू असते?

ती नांदेडला विद्यापीठात शिकायला गेली तेव्हा पहिल्या महिन्यात तिचं बोलणंच कुणाला कळायचं नाही. निलंग्याच्या पोरीची मराठी ऐकून होस्टेलच्या पोरी हसायच्या, आईबापांना अव्वा, अप्पा म्हणते म्हणून चिडवायच्या, आणि ती रात्रंदिवस इंग्रजी पाठ करत बसायची, कारण त्या भाषेत तिचा हेल कुणाला ओळखू येणार नव्हता. एम.ए.ला ती विद्यापीठात पहिली आली. पदक घेऊन एसटीनं निलंग्याला उतरली तेव्हा अप्पा, शंकरप्पा, दुकानात कापड फाडत होते. त्यांनी पदक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं, गिऱ्हाइकाला दाखवलं नाही, आणि घरी नेऊन बसवण्णांच्या तसबिरीपुढं ठेवलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे तिनं पाहिलं होतं. म्हणून तर पुढच्या महिन्यातलं ते तिला कधी नीट गिळता आलं नाही. उदगीरचे पाहुणे तिला बघायला आले. चांगले लोक, मुलगा प्राध्यापक. आणि अप्पांनी रीतीप्रमाणं स्वतःच्या मालाला नावं ठेवायला सुरुवात केली. घरातलं जेवण वाढताना काही न्हाई, साधंच हाय म्हणायचं, नवं घर दाखवताना झोपडी म्हणायचं, तसंच पोरीबद्दल. पोरगी सावळीच हाय, अप्पा म्हणाले. शिकली थोडंफार, पण त्याचं काय. इंग्रजीबिंग्रजी येतं, पर त्येचा घरात उपयोग न्हाई. जरा हट्टी हाय. पाहुण्यांनी यावर न्हाई न्हाई, असं कसं, म्हणायचं असतं; मग अप्पा खुलणार, मग पदक बाहेर येणार. पण उदगीरचे लोक सरळमार्गी निघाले. त्यांनी अप्पांचा शब्द खरा धरला, चहा पिऊन झाल्यावर नमस्कार केला आणि गेले. अप्पा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. रुद्राणी आतल्या खोलीत पदरानं हात पुसत उभी होती आणि तिला एवढंच कळत होतं की आपल्याला कमी करणारा माणूस आपल्यावर सगळ्यात जास्त जीव लावणारा आहे. पुढं आणखी स्थळं आली, अप्पा आणखी सावध होऊन आणखी कमी सांगत गेले, आणि मग स्थळं यायची थांबली. अप्पा गेल्यावर ती अव्वाला, रत्नम्माला, घेऊन लातूरला आली. या सगळ्यातून तिनं एक धडा घेतला होता: प्रेमानं कमी केलं तर त्याला कमी करणं म्हणत नाहीत. त्या धड्यावर तिनं अकरा वर्षं रिबिनी काढल्या.

शुक्रवारी चार वाजता उद्याची यादी तिच्या टेबलावर आली, कुणाची कुठली रिबिन. पाच नावं खाली येत होती. तिसरं नाव सृष्टीचं. हिरातून थेट जिद्दमध्ये. केमिस्ट्रीचा पेपर तिनं जवळजवळ कोराच दिला होता. रुद्राणीला त्या क्षणी जे झालं ते तिनं नंतर स्वतःपासून लपवलं नाही. तिला बरं वाटलं. छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं, आणि मनात स्पष्ट शब्द आले, बघू आता. उद्या माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहशील. मग ती खुर्चीवर मागं टेकली आणि आपल्यालाच बघत राहिली. हे काय होतं? हळुवारपणा कुठं गेला? का तो नव्हताच कधी, आणि दर शनिवारी, फलकावर चेहरा नसलेल्या, न मोजलेल्या बाईला, कुणीतरी आपल्याहूनही खाली जाताना जवळून बघायला मिळत होतं, आणि तेच ती घरी घेऊन जात होती? समोरच्या कपाटाच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, पंचेचाळिशीचा, नीट विंचरलेला, आणि त्या चेहऱ्यावर अजून त्या गोडव्याचा थोडासा उरलेला अंश होता. पोरीनं वाक्य करताना हा चेहरा पाहिला असणार. स्टेजवर, वरून खाली बघणारा. खाली जमिनीवर बसून सगळं दिसतं.

घरी अव्वा सुपात ज्वारी निवडत बसली होती. ऐंशीला टेकलेली बाई, पण खडा सुटत नाही. रुद्राणी चप्पल न काढताच समोर बसली.

"अव्वा, उदगीरचे पाव्हणे आलते तवा तू कुठं होतीस?"

"कुठं म्हंजी? चुलीपाशी." अव्वानं वर पाहिलं नाही. "आज कामून आठवलं?"

"अप्पा काय बोलायले होते ते तुला ऐकू येत होतं?"

"सगळं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "ते थोडंफार शिकली म्हणले, तवा माझ्या जिवाचं पाणी झालं. मनात म्हणलं, उठावं, बाहीर जावं, त्या तसबिरीपुढचं पदक उचलावं आन पाव्हण्यांच्या ताटात ठेवावं. म्हणावं हे बघा, पैली आलीया."

"मग कामून न्हाई आलीस?"

"भाकर तव्यावर होती."

अव्वानं सूप खाली ठेवलं.

"करपू द्यायची हुती," ती म्हणाली. "एक भाकर करपली असती. तुझा बाप वाईट न्हवता, रुद्रा. पर वाईट नसून बी त्यानं तुझा भाव पाडला, आन मी भाकर उलथत बसले. लोकाला वाटतंय मी पोरगी उजवली न्हाई म्हणून रडते. मी त्या भाकरीसाठी रडते."

इतक्या वर्षांत हे बोलणं दोघींत कधी झालं नव्हतं. झालं आणि संपलं. अव्वानं परत सूप घेतलं. रुद्राणी उठून चहा ठेवायला गेली आणि ओट्यापाशी उभी राहून रडली, चांगली भडभडून, आणि रडताना तिला दुःखापेक्षा राग जास्त येत होता. अप्पांचा, सरांचा, त्या सरळमार्गी पाहुण्यांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की ज्या गोष्टीनं आपण मोडलो तीच आपण मऊ हातांनी पुढं वाढत राहिलो.

शनिवारी हॉल भरलेला होता. पुढं खुर्च्यांवर पालक, मागं जमिनीवर चारही बॅचा. स्टेजवर चार गाद्यांच्या खुर्च्या, तीन सर बसलेले, चौथी बालाजी सरांची, ते माईकपाशी उभे म्हणून रिकामी. रुद्राणी टेबलापाशी, रिबिनींच्या ट्रेजवळ, नेहमीसारखी उभी. आपण आज काय करणार हे तिनं ठरवलं होतं असं म्हणणं खोटं होईल. वर चढणारी मुलं आली, थापा पडल्या, टाळ्या झाल्या. मग सर म्हणाले, आता जरा आपण स्वतःकडं बघू या, आणि पहिलं नाव घेतलं: पुनम. मोतीतून जिद्द. एकशे ऐंशीपैकी एकतीस. पुनम वर आली आणि रुद्राणीच्या हातांनी खुद्द रुद्राणीला न विचारता रिबिन काढली, घातली. दुसरं नाव, दुसरी रिबिन. हात किती शहाणे झाले होते. हूक कुठं असतो, केस कसे बाजूला घ्यायचे, सगळं त्यांना येत होतं. तिसरं नाव, सृष्टी. हिरातून जिद्द. एकशे ऐंशीपैकी बावीस, आणि सर क्षणभर थांबले, बावीस परत म्हणाले, पालकांत कुणीतरी च्च केलं. सृष्टी पायऱ्या चढून आली. ती रडत नव्हती. रुद्राणीसमोर येताच तिनं आपणहून मान वाकवली, केस एका हातानं पुढं घेतले, गळा मोकळा करून दिला. ती याआधी कधीच या स्टेजवर आली नव्हती. कसं उभं राहायचं ते ती खाली बसून, बघून बघून शिकली होती. एवढं मात्र या तीन मजली इमारतीनं कुणालाही न शिकवता शिकवलं होतं.

"मान वर कर," रुद्राणी म्हणाली.

पोरीला कळलं नाही. रुद्राणीनं तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि मान वर केली. "हाय ती रिबिन राहू दे. जा, बस जागेवर." मग ती वळली. "पुनम, हिकडं ये." पुनम खाली जाऊन बसली होती, ती घाबरून परत आली, आणि रुद्राणीनं तिच्या गळ्यातली तपकिरी काढून तिची जुनी रिबिन तिच्या हातात ठेवली. दुसऱ्याचीही दिली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज एकाएकी मोठा झाला.

बालाजी सरांनी माईकवर हात ठेवला. ते हसत होते, पालकांसाठी. "मॅडम, काय करायलात? लोक बघायलेत."

"बघू द्या."

"बरं वाटत न्हाई का? जावा, आराम करा. शिपाई करतो ते."

"बरं हाय मला. हे मी करणार न्हाई, सर. आज न्हाई आन पुढंबी न्हाई." नांदेडात घासून घासून घालवलेला हेल तिच्या तोंडात परत आला होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. "पोरगं कच्चं असंल तर त्याला शिकवा. त्याच्या मायबापासमोर गळ्यात हे बांधू नका."

"हे बघा," सरांचं हसणं गेलं, आवाज खाली आला. "इंग्रजीच्या बाईनं मला क्लास चालवायला शिकवू नये. तुमच्या विषयाला हितं काय किंमत हाय ते तुम्हाला म्हाईत हाय. सोमवारपासून येऊ नका."

"काढायचं असंल तर हितंच काढा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पहिल्या रांगेतल्या पालकांना ऐकू गेला. "माईकवरचा हात काढा आन माझं नाव घ्या. कामून काढायलात ते सांगा. पोरांचं सांगता तसंच, सगळ्यांना ऐकू येईल असं."

सरांनी हात काढला नाही. तिचे पाय खूप उभं राहिल्यानं दुखत होते, अकरा वर्षांचे एकदम दुखावेत तसे. तिनं रिबिनींचा ट्रे उचलून जमिनीवर ठेवला, फिजिक्सच्या सरांच्या बाजूनं गेली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. गादी मऊ होती. इथून हॉल वेगळाच दिसत होता, मागच्या भिंतीपर्यंत सगळी पोरं दिसत होती, आणि ती सगळी तिच्याकडं बघत होती.

"मॅडम," बालाजी सर म्हणाले, "ती माझी खुर्ची हाय."

"हाय की," रुद्राणी म्हणाली. "अजून दोन नावं राहिलीत, सर. घ्या पुढचं नाव, आन रिबिन तुम्हीच काढा."